चेनचा बटवा : कार्यानुभवाच्या तासासाठी एक पाठ

जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना भेट देताना कार्यानुभवाच्या वस्तूंचे कपाट उघडून पाहण्याची मला जुनी सवय आहे. त्या कपाटात कागदी फुले असतात, काड्यांची घरे असतात, मातीची बैलजोडी असते आणि बहुधा एखादा चेनचा बटवाही असतो. बटवा फार सुबक असतो. टीप सरळ, कोपरे टोकदार, चेन अशी बसविलेली की कोणत्याही शिंप्यास अभिमान वाटावा. आणि पुष्कळदा तो शिंप्यानेच शिवलेला असतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी त्यास लावलेली असते त्या विद्यार्थ्यास मी जवळ बोलावतो व विचारतो, "बाळ, आधी चेन लावलीस की आधी बाजू शिवल्यास?" मूल गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागते आणि गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागतात.

ह्यात कोणास दोष द्यावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तास थोडे, मुले पुष्कळ, साहित्य अपुरे आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आलेली, अशा वेळी शिक्षक काय करतो हे मी स्वतः शिक्षक असल्याने जाणतो. तथापि, हा छोटासा बटवा मुलांनी आपल्या हातांनी, यंत्राशिवाय, घरातील जुन्या कापडातून शिवावा, आणि तो शिवताना गणित, विज्ञान व आपल्या जिल्ह्याचा इतिहास ह्यांच्याशी त्यांची सहज गाठ पडावी, अशी सोय ह्या पाठात आहे. इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना तो झेपतो. मुलांना असे म्हणताना मुलगे व मुली दोन्ही अभिप्रेत आहेत, हे मुद्दाम लिहावे लागते ह्याचे कारण पुढे येईलच.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत सहावीच्या वर्गास शिकवीत असे. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण व मुलांना मातीकाम अशी वाटणी मीच करून ठेवली होती. कोणी तसे सांगितले नव्हते; पण त्याहून निराळे काही असू शकते हेही मनात आले नव्हते. एका मुलाने आपणहून शिवण मागितले. मी हसून परवानगी दिली. परीक्षेच्या दिवशी त्याने आपला बटवा माझ्या मेजावर आणून ठेवला. तो उलटाच होता. शिवणीच्या दशा बाहेर, चेन पूर्ण बंद आणि तिचा रनर एका बाजूच्या शिवणीत अडकलेला. मी ओढून पाहिले, काही उघडेना. "हा बटवा की उशी?" असे मी वर्गासमोर म्हटले. वर्ग हसला. मी गुण मांडले आणि पुढची वस्तू हाती घेतली. त्या मुलाने बटवा खिशात घातला. त्यानंतर तो शिवणाच्या तासाला मातीकामाच्या मुलांत बसू लागला व मीही त्यास कारण विचारले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गात दाखविण्यासाठी म्हणून मी स्वतः सुई हाती घेतली आणि पहिलाच बटवा अगदी तसाच शिवून बसलो. उलटा, बंद, न उघडणारा. तेव्हा कळले की त्या मुलाचे सर्व टाके बरोबर होते. केवळ बाजू शिवण्याआधी चेन चार बोटे उघडी ठेवावयाची, ही एकच गोष्ट राहून गेली होती. एका बाजूची शिवण उसवावयाची, रनर सरकवावयाचा आणि पुन्हा शिवावयाची. एवढे काम फार तर अर्ध्या तासाचे होते. तो अर्धा तास मी त्यास दिला नाही. ह्या पाठात उसवण्यासाठी वेगळा तास राखून ठेवण्याचा जो आग्रह पुढे धरला आहे, तो ह्या अनुभवातून आलेला आहे.

आपल्या जिल्ह्यात हाताने काम करून शिकण्याची गोष्ट काढली की वाचकांना दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आठवल्यावाचून राहणार नाही. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ह्यांचा पुरस्कार केला. डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला, आणि १९३८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्रामी त्याप्रमाणे प्रत्यक्ष शाळा चालविली. आर्यनायकम् व आशादेवी ह्या दांपत्याने तिच्यासाठी आपले आयुष्य वेचले. तिथल्या पद्धतीस 'समवाय' असे नाव होते. मूल टकळीवर सूत काढी आणि त्या सुताची लांबी मोजताना गणित, कापसाच्या रोपाकडे पाहताना वनस्पतिशास्त्र व कापूस कोठून कोठे गेला हे शोधताना भूगोल शिके. हस्तव्यवसाय हा शिक्षणास जोडलेला एक विषय नव्हता. इतर विषयच त्यास जोडलेले होते. सन २००५ पासून सेवाग्रामच्या आवारात आनंद निकेतन ही शाळा त्याच धर्तीवर चालू आहे. ज्या शिक्षकांना शक्य असेल त्यांनी एकदा तेथे जाऊन मुले शेतात व स्वयंपाकघरात काय शिकतात ते पाहावे.

त्या योजनेवर त्या काळी टीकाही झाली. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून निघावा ही अपेक्षा अनेकांना रुचली नाही, आणि माझ्या मते ती शंका निराधार नव्हती. जेथे विक्रीकडे लक्ष गेले तेथे शिकण्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका होताच. आज आपणांस बटवे विकावयाचे नाहीत. परंतु प्रदर्शनासाठी वस्तू सुबकच हवी हा हट्ट तोच दोष दुसऱ्या दाराने आत आणतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची कल्पना मांडली आहे. ते दिवस प्रदर्शनाच्या तयारीत खर्ची पडू नयेत.

आता वस्तूकडे वळू. बटवा आपल्याकडे नवा नाही. नाडी ओढून तोंड बंद करावयाचा बटवा, पानसुपारीसाठी अनेक कप्प्यांची व गुंडाळून दोरीने बांधावयाची चंची, पैशांचा कमरेला बांधलेला कसा, ह्या वस्तू मुलांच्या आजीपणजीने वापरलेल्या आहेत. मुलांना त्या घरी शोधावयास सांगावे. एखादीच मिळेल, पण जी मिळेल ती वर्गात आणवून तिचे टाके पाहावेत. जुन्या चंचीवरील धावदोरा किती बारीक असतो हे पाहिल्यावर आपल्या टाक्यांविषयीचा गर्व आपोआप उतरतो.

नाडीच्या जागी चेन आली ती परदेशातून, आणि तिची कथा मुलांना अवश्य सांगावी. अमेरिकेतील व्हिटकॉम्ब जडसन ह्यांनी १८९३ साली बुटांसाठी आकडे व आळी ह्यांची एक बंदिनी तयार करून तिचे पेटंट घेतले. ती नीट चालत नसे, मध्येच अडके व मध्येच सुटे. स्वीडनमध्ये जन्मलेले अभियंते गिडिऑन सुंडबॅक ह्यांनी आकडे सोडून देऊन, एकाच्या खळग्यात दुसऱ्याचा उंचवटा बसेल असे एकसारखे दात १९१३ च्या सुमारास योजिले व त्या रचनेचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. म्हणजे पहिल्या कल्पनेपासून चालणाऱ्या वस्तूपर्यंत सुमारे वीस वर्षे गेली. पुढे १९२३ साली गुडरिच ह्या रबराच्या कंपनीने आपल्या बुटांना ती लावून 'झिपर' हे नाव रूढ केले. आपल्या बाजारात मात्र तिला कोणी झिपर म्हणत नाही; दुकानदारास 'चेन' व 'रनर' हेच शब्द समजतात, म्हणून आपणही तेच वापरू.

रनर हे मोठे गमतीचे यंत्र आहे. पूर्ण उघडलेल्या चेनेचा रनर भिंगातून पाहावा. त्याच्या एका बाजूस दोन वाटा आत शिरतात व दुसऱ्या बाजूने एकच वाट बाहेर पडते. दोन वाटांच्या मध्ये एक लहानशी पाचर आहे. रनर पुढे ओढला की दोन्ही बाजूंचे दात तिरपे होऊन एकमेकांत शिरतात. मागे ओढला की तीच पाचर त्यांना विलग करते. लाकूड फोडणारी पाचर मुलांनी घरी पाहिलेली असते. तशीच पाचर इथे दात विलग करण्याचे काम करते, हे मुलांच्या तोंडून निघेपर्यंत शिक्षकाने थांबावे.

खादीच्या बटव्याला नायलॉनची चेन लावणे कितपत योग्य, असा प्रश्न वर्धा जिल्ह्यात कोणी ना कोणी विचारणारच. त्यास माझे उत्तर असे. १९२४ साली यंत्रांविषयीच्या एका संभाषणात गांधीजींनी शिवणयंत्रास आपल्या विरोधातून वगळले होते. सिंगरच्या यंत्राची मोजक्या उपयुक्त शोधांत गणना करून, त्यामागे पत्नीचे कष्ट कमी करण्याची सिंगरची प्रेमबुद्धी होती, असे त्यांनी म्हटले होते. यंत्र नको म्हणून चेन नको असे मानण्याचे कारण नाही. ज्यांना चेन मिळणार नाही त्यांनी नाडीचा बटवा करावा. तो सोपा आहे, परंतु त्यात पुढील सगळी गंमत नाही.

साहित्य पुढीलप्रमाणे जमवावे. सुती कापड जुने असल्यास उत्तम; वडिलांच्या जुन्या पॅन्टचे, मांजरपाटाचे किंवा खादीचे चालेल. फार झिरझिरीत कापड चेनेचा ताण सोसत नाही. कापड नवे असेल तर ते आदल्या दिवशी भिजवून वाळवून घ्यावे. नवे सुती कापड धुतल्यावर आटते, चेनेची कृत्रिम धाग्याची पट्टी मात्र आटत नाही. त्यामुळे न भिजविता शिवलेल्या बटव्याला पहिल्या धुण्यातच चुण्या पडतात. चेन मीटरवर मिळणारी, नायलॉनच्या दातांची घ्यावी. धातूच्या दातांतून मुलांची सुई जात नाही. प्रत्येक बटव्यास २२ सेंटिमीटर चेन व एक रनर लागतो. सुया शिक्षकाने मोजून द्याव्यात व मोजूनच परत घ्याव्यात. एकही कमी भरली तर वर्ग सुटू नये. पाचवीतील मुलांना अंगुस्तान अवश्य द्यावे.

कापडाचा एकच तुकडा लागतो, २२ सेंटिमीटर रुंद व २६ सेंटिमीटर लांब. तो बुडाशी दुमडला जातो, म्हणून बुडाला शिवण येत नाही. येथे 'माया' हा शब्द मुलांना समजवावा. शिवणीच्या पलीकडे जे कापड आपण राखून ठेवतो त्यास शिंपी माया म्हणतो. चारही बाजूंना एक एक सेंटिमीटर माया सोडली की बटव्याची तयार रुंदी २० सेंटिमीटर होते. उंचीचा हिशेब थोडा अवघड आहे. २६ मधून दोन वेळा एक वजा केल्यावर २४ उरतात. त्यांत दोन दुमडींच्या मध्ये दिसणाऱ्या चेनेचा सुमारे १ सेंटिमीटर मिळविला की २५ होतात आणि हे माप दोन अंगांत वाटले जाते, म्हणून उंची साडेबारा सेंटिमीटर. नवी पेन्सिल साडेसतरा सेंटिमीटरांच्या आसपास असते, ती मावते. १५ सेंटिमीटरांची पट्टी मावते. ३० सेंटिमीटरांची मावत नाही. मुलांना हे आधी हिशेबाने सांगावयास लावावे व बटवा झाल्यावर पडताळून पाहावे.

शाळेने एकत्र कापड आणले असेल तर आणखी एक उदाहरण हाती येते, आणि ते मला पाठ्यपुस्तकातील कोणत्याही क्षेत्रफळाच्या उदाहरणाहून सरस वाटते. कापड ९० सेंटिमीटर पन्ह्याचे व १०० सेंटिमीटर लांबीचे आहे. त्यातून किती बटवे निघतील? मुले पटकन मांडतात: पन्ह्यात २२ चे चार, लांबीत २६ चे तीन, एकूण बारा. मग शिक्षकाने विचारावे की उरले काय. लांबीच्या अंगाला २२ सेंटिमीटर रुंदीची, ९० सेंटिमीटर लांब पट्टी उरली आहे. ही चिंधी म्हणून टाकावयाची काय? येथे वर्गात शांतता पसरते. ती मोडू नये. केव्हातरी एखादे मूल कागदी नमुना उचलून आडवा फिरविते. आडव्या नमुन्याची २२ ची बाजू पट्टीच्या रुंदीत नेमकी बसते, आणि ९० मध्ये २६ चे तीन तुकडे निघतात. बारा व तीन, पंधरा बटवे झाले.

पंधराहून अधिक निघणे शक्य आहे काय, हे भागाकाराने पाहावे. कापडाचे क्षेत्रफळ ९००० चौरस सेंटिमीटर, एका तुकड्याचे ५७२. भागाकार १५ व बाकी ४२०. म्हणजे सोळावा निघणे शक्यच नाही. आता ही ४२० ची बाकी कापडावर बोट ठेवून दाखवावयास सांगावे. एक तुकडा २२ बाय १२ चा, म्हणजे २६४. दुसरी चिंचोळी पट्टी ७८ बाय २ ची, म्हणजे १५६. दोहोंची बेरीज ४२०. भागाकारातील बाकी हातात धरता येते, हा अनुभव मुलांना क्वचितच मिळतो. आडव्या कापलेल्या तुकड्यात उभे धागे आडवे येतात, परंतु एवढ्याशा बटव्यात त्याने काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष शिवणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम चेनेची दोन्ही टोके चार-चार टाक्यांनी आवळून घ्यावीत. मीटरच्या चेनेला टोकास अडसर नसतो, त्यामुळे हे न केल्यास रनर हातात येतो आणि पुन्हा चढविताना अर्धा तास जातो. रनर चढविणे हे काम शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः करून ठेवावे. त्यात मुलांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे हे खरे, परंतु पहिल्याच पाठात त्यांचा धीर सुटू नये.

मग कापडाच्या २२ सेंटिमीटरांच्या दोन्ही कडा उलट अंगास एक एक सेंटिमीटर दुमडून नखाने दाबाव्यात. चेन सुलट ठेवून, म्हणजे रनरचा पत्रा वर दिसेल अशी ठेवून, तिच्या एका पट्टीवर कापडाची दुमड आणावी. दुमड व दात ह्यांत तीन-चार मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. त्याहून जवळ आणल्यास रनर कापड चावतो. आधी मोठे कच्चे टाके घालावेत व ते तपासून झाल्यावर बखिया घालावा. बखिया म्हणजे एक पाऊल मागे व दोन पावले पुढे. धावदोरा लवकर होतो, पण चेनेचा ताण त्यास सोसवत नाही. दोरा दुहेरी घ्यावा व दुहेरी केल्यावर बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत पोचेल इतकाच असावा. लांब दोरा घेतला की सुईच्या नेढ्याशी वारंवार ओवण्याचे कष्ट वाचतात, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो गुंततो आणि त्या गाठी सोडविण्यात दुप्पट वेळ जातो.

दुसरी कड चेनेच्या दुसऱ्या पट्टीस जोडताना कापडाची नळी होते. येथे पुढची बाजू मागच्या बाजूस शिवली जाण्याचा धोका असतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा नळीत सरकवून ठेवावा म्हणजे सुई खाली जात नाही.

चेन लागली की नळी उलटी करावी. आता पुढे जाण्यापूर्वी शिक्षकाने वर्ग थांबवावा. सर्वांनी सुया खाली ठेवाव्यात, आणि प्रत्येकाने आपला रनर मधोमध आणल्याचे शेजाऱ्यास दाखवावे. शेजाऱ्याने पाहिले असे म्हटल्यावाचून कोणी सुई उचलू नये. चेनेचे जे टोक ह्यामुळे उघडे पडते त्याच्या दोन्ही पट्ट्या दोन टाक्यांनी जवळ बांधाव्यात, नाहीतर शिवणीत दात वेडेवाकडे बसतात. मग दोन्ही बाजू काठापासून एक सेंटिमीटर आत बखियाने शिवाव्यात, कोपऱ्यांची माया तिरपी कापावी, अर्ध्या उघड्या चेनेतून बटवा सुलट करावा व कोपरे बोथट पेन्सिलीने हलकेच बाहेर काढावेत. टोकदार पेन्सिल कापडातून बाहेर येते.

दर सेंटिमीटरला दोन टाके धरले तर चेनेच्या दोन कडांचे ८८ व दोन बाजूंचे ५० मिळून १३८ टाके होतात. नवशिके मूल मिनिटाला चार टाके घालते. म्हणजे निव्वळ बखियासच सुमारे पस्तीस मिनिटे लागतात. कापणे, कच्चे टाके व दोरा ओवणे धरून तीन तासिका ठेवाव्यात आणि चौथी उसवण्यासाठी. ही चौथी तासिका वेळापत्रकात लिहिलेली असावी. वेळ उरला तर पाहू असे ठरविल्यास वेळ कधीही उरत नाही.

कोणत्या चुका होतील हे आधीच सांगता येते. काहींची चेन पालथी लागेल व रनरचा पत्रा आत जाईल. काहींचे कापड दातांत सापडेल. एखाद्याचा बटवा, शेजाऱ्याने पाहूनही, बंदच शिवला जाईल. बंद बटव्याच्या बाबतीत आधी रनरची पाठ बाहेरून नखाने ढकलून पाहावी. तो शिवणीत अडकला नसेल तर पुष्कळदा मागे सरकतो. अडकला असेल तर त्या बाजूचे पंचवीस टाके उसवावेत. उसवताना दोरा ओढू नये, कापड फाटते. लहान कात्रीच्या टोकाने एका अंगाचा दर तिसरा टाका कापावा व दुसऱ्या अंगाने दोरा उचलावा. तो सबंध निघून येतो. ब्लेड मुलांच्या हाती देऊ नये. उसवलेल्या जागी सुईची भोके दिसतात. ती राहू द्यावीत.

मूल्यमापनाविषयी माझी एक सूचना आहे. बटव्याच्या चिठ्ठीवर विद्यार्थ्याच्या नावाखाली दोन आकडे लिहावेत: घातलेले टाके व उसवलेले टाके. दुसरा आकडा शून्य असेल तर गुण कापावेत असे नव्हे. काही हात उपजतच स्थिर असतात. परंतु अशा विद्यार्थ्यास चेन आधी का लावली, हे तोंडी सांगता आले पाहिजे. ज्याचा बटवा उघडतो व बंद होतो त्यास पूर्ण गुण द्यावेत. टीप वाकडी असल्याने पेन्सिल बाहेर पडत नाही. बटवा न उघडल्यास गुण देऊ नयेत आणि कमीही लिहू नयेत. जागा मोकळी ठेवावी व उसवण्याच्या तासिकेनंतर भरावी. त्या काळी माझ्या गुणपत्रकात अशी मोकळी जागा नव्हती.

पाठ कोणत्या दिवसांत घ्यावा हाही विचार करण्याजोगा आहे. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते, आईवडील दिवसभर शेतात असतात व संध्याकाळी थकून येतात. इतर विषयांच्या दृष्टीने हे दिवस कठीण खरे, परंतु ह्या पाठास ते सोयीचे आहेत, कारण बटवा शिवून द्यावयास घरी कोणास सवड नसते. ह्याच दिवसांत बोंडातील कापूस वर्गात आणून, त्याचा धागा बोटांनी पिळून पाहता येतो, आणि पिळाविना तो का तुटतो व पिळल्यावर का टिकतो हे मुलांना आपल्या बटव्याच्या दोऱ्याशी ताडून पाहता येते. वर्धा शहराजवळच्या शाळांनी मगनवाडीतील मगन संग्रहालयाची भेट ह्याच आठवड्यात ठेवावी. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या ह्या संग्रहालयात नाना प्रकारचे चरखे आहेत, आणि हाताने केलेल्या वस्तूत सुधारणा कशी टप्प्याटप्प्याने होत गेली हे तेथे एका दृष्टिक्षेपात दिसते.

हा पाठ घेतल्यावर प्रत्येक शाळेने केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन बटवे आणावेत; एक न उसवलेला व एक उसवून पुन्हा शिवलेला. दोन्हींच्या चिठ्ठ्यांवर टाक्यांचे आकडे असावेत. आणताना त्यांना इस्त्री करू नये.